पितळेसारखा धीट

मोहतरमा साबिरा आपा यांस,
धाकटा भाऊ नझीर याचा झुकून सलाम.

इकडे सगळी खैरियत आहे. तुमच्या खैरियतीसाठी रोज दुआ मागतो. (रोज म्हणजे जुम्म्याला नक्की. बाकीच्या दिवशी स्वतःच्या गुडघ्यांसाठी मागता मागताच वेळ संपतो.) तुमचा उजवा गुडघा कसा आहे? शुगर काय म्हणते? डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितला होता, तो तुम्ही कमी केला नसणार, हे मला न विचारताही ठाऊक आहे. तुमची ती पांढरी शेळी, जी मला बघितलं की पाय आपटायची, ती अजून आहे का? असेल तर तिलाही सलाम सांगा. आपण एकमेकांशी बोललो त्याला दोन वर्षं आणि तीन महिने झाले, त्यामुळे विचारण्यासारखं बरंच साठलंय, पण सगळं सुरुवातीलाच विचारलं तर पत्र दवाखान्याच्या केसपेपरसारखं दिसेल, म्हणून थांबतो.

वरचं अक्षर ओळखून तुम्ही म्हणाला असाल, याची हिम्मत कशी झाली! आपा, तेच तर सांगायचंय. झाली नाही. तीन वेळा तयारी केली, तिन्ही वेळा ती वाटेत सांडली, आणि तळाला जी थोडी उरली आहे तिच्यावर हे पत्र लिहितोय. तेव्हा सगळं वाचा. मधेच चष्मा काढून ठेवू नका.

सुरुवात केली ती अरीबाने. अरीबा म्हणजे हमझाची बायको, आपली सून, जिचा चेहरा तुम्ही अजून फोटोतच पाहिलाय. (फोटोत ती उंच दिसते, तेवढी नाही.) ती इथे पनवेलातच एका इंग्रजी शाळेत सातवीला शिकवते. मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी पेपर तपासता तपासता एकटीच हसत होती. मी विचारलं तर म्हणाली, अब्बा, इंग्रजीत असं म्हणतात, बोल्ड ॲज ब्रास. पितळेसारखा धीट. ज्याने खरं तर शरमेने मान खाली घालायला हवी, तोच बेधडक समोर येऊन उभा राहतो, त्याला हे लागू पडतं. तर एका पोराने वाक्यात उपयोग केला होता की आमची मांजर माझं दूध सांडून बोल्ड ॲज ब्रास माझ्याच उशीवर झोपली. अरीबाने त्याला पूर्ण मार्क दिले. मला मात्र हे काही पटेना. आपा, मी दोह्याला सव्वीस वर्षं पाइप-फिटिंगच्या स्टोअरमध्ये काढली. पितळेचे व्हॉल्व्ह, पितळेचे एल्बो, पितळेचे नळ, खोक्यांच्या भिंती होत्या माझ्याभोवती. त्यातल्या एकानेही कधी धीटपणा दाखवला नाही. जरा दमट हवा लागली की हिरवं पडतं, चार दिवस पुसलं नाही की तोंड काळं करून बसतं. इंग्रजांनी पितळ बहुतेक लांबूनच पाहिलं असावं. आपल्याकडे पितळ उघडं पडतं, ते मला जास्त खरं वाटतं. हे सगळं मी अरीबाला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं (ऐकून घेते, हा तिचा मोठा गुण आहे, उत्तर नंतर देते), लाल पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, अब्बा, मग तुम्हीच एकदा होऊन बघा ना, पितळेसारखे. ओव्याला जाऊन, बहिणीच्या दारात.

आमच्याकडे ओव्याचं नाव कुणी काढत नाही. बसवर 'ओवे' लिहिलेलं दिसलं तरी हमझा खिडकीबाहेर बघतो.

आता जे झालं ते तुमच्या बाजूने तुम्हाला माहीतच आहे. माझी बाजू तुम्ही कधी ऐकली नाही, कारण मी ती कधी सांगितली नाही, आणि सांगितली नाही कारण ती सांगताना माणूस मूर्ख दिसतो. हमझाच्या निकाहच्या वेळी मी दावतीची यादी केली. स्टोअरकीपरची यादी, आपा. मोहल्ला, बाजारपेठ, नवीन पनवेल, विचुंबे, उरण, प्रत्येकाला वेगळं पान, कोणाला कार्ड हातात द्यायचं, कोणाकडे दोघांनी जायचं, सगळ्याला खुणा. आणि पहिल्या पानावर 'घरचे'. त्या पानावर चार नावं होती: नझीर, हमझा, सायमा, साबिरा आपा. स्टोअरचा नियमच असा आहे की जो माल आतच आहे, त्याला बाहेरून मागवायचं पत्र लिहीत नाहीत. घरच्या माणसाला कोण दावत देतं? तुम्ही चार दिवस आधी याल, माझ्या हातातून कोठीची किल्ली ओढून घ्याल, आचाऱ्याला रडवाल, असं मी धरूनच चाललो होतो. आपल्या घराण्यात पहिली दावत मोठ्या बहिणीच्या उंबऱ्यावर जाते, भावाने स्वतः जायचं, बसायचं, तिची इजाजत मागायची, हे मला माहीत नव्हतं असं नाही. ते मला बाकी सगळ्यांच्या बहिणींच्या बाबतीत माहीत होतं.

वर हमझाने कार्डाचा फोटो मोबाइलमधल्या यच्चयावत नंबरांना एकदम पाठवून दिला. तो पंक्चरवाल्याला गेला, गॅसवाल्याला गेला आणि तुम्हालाही गेला. तुम्ही आला नाहीत. निकाहच्या दिवशी दुपारपर्यंत मी दारावर कान ठेवून होतो. मग मला गुस्सा आला, की एवढे आम्ही कोण परके? फुलांचा सेहरा तुमच्याऐवजी हमझाच्या सासरच्या एका बाईने बांधला आणि इतका तिरका बांधला की सगळ्या फोटोंत पोरगा एकाच डोळ्याने बघतोय. दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला बिर्याणीचा डबा पाठवला. तो परत आला, घासून पुसून, रिकामा. आपा, आपल्यात डबा रिकामा परत जात नाही. मूठभर तांदूळ, दोन लिंबं, काहीच नसलं तर साखरेची चिमूट, पण काहीतरी जातंच. मी झाकण उघडलं आणि मला कळलं की आता काही उरलेलं नाही. मीही मग तोंड फिरवून बसलो.

हे असंच चाललं असतं, पण आता सायमाचा निकाह ठरलाय. मुलगा खारघरचा, शहजाद नाव, कंपनीत चांगल्या जागी आहे, बोलतो कमी, जेवतो नीट. तारीख पुढच्या महिन्याची एकवीस. कार्डं छापून आली त्याच दिवशी सायमाने सगळा गठ्ठा कपाटात घातला, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. त्यातलं एकच कार्ड बाहेर, फ्रिजवर ठेवलं. म्हणाली, अब्बा, हे पहिलं कार्ड फुफूच्या हातात तुम्ही स्वतः द्यायचं. ते गेलं की किल्ली मिळेल. नाही गेलं तर निकाह काझीसाहेबांसमोर चार माणसांत होईल आणि मी मेंदी लावणार नाही. माझ्या प्रगतिपुस्तकावर अकरा वर्षं पालक म्हणून जिची सही आहे, तिच्याशिवाय मी या घरातून निघणार नाही. बोलताना आवाज चढवला नाही तिने. तुमच्याचसारखी ती जास्त रागावली की हळू बोलते. शहजादच्या घरून दर दोन दिवसांनी फोन येतो, कार्डं वाटायला घेतली का? मी म्हणतो, घेतली. एकही गेलेलं नाही.

म्हणून निघालो. पहिली फेरी स्कूटरवरून केली. डिकीत मिठाईचा मोठा खोका, खिशात कार्ड, डोक्यात भाषण. भाषण चांगलं होतं, अरीबाने ऐकून थोडं कापलंही होतं. कळंबोलीपर्यंत मी अगदी पितळ होतो. ओव्यात शिरलो, तुमच्या गल्लीच्या वळणावर आलो आणि आवाज आला. तुम्ही ओट्यावर उभ्या राहून मासळीवाल्या मालूला सांगत होता की हे बोंबील काल मेले नाहीत, गेल्या ईदला मेलेत. आपा, माझं वय त्रेसष्ट. माझ्या हाताखाली दोह्यात नऊ माणसं होती. तो आवाज ऐकल्याबरोबर माझं वय आठ झालं आणि मी शाळेतून पाटी फोडून आलेलो होतो. स्कूटर भिंतीआड घेतली. थोड्या वेळाने मालू टोपली घेऊन आली तेव्हा तिला हळूच विचारलं, बाईंचा मूड कसा आहे? तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाली, "मना आताच उभी चिरली म्हातारीनी. काय इकाला आला असशील त नको जाव आज." मी म्हटलं, विकायला नाही, द्यायला आलोय. ती म्हणाली, "मंग त आजिबात नको जाव."

मी अनुभवी माणसाचा सल्ला मानला. परतताना पुलाखाली टायर पंक्चर झालं, पंक्चरवाल्याची नातवंडं खोक्याकडे बघत होती, मिठाई तिथेच संपली. घरी सायमाने नुसता हात पुढे केला, मी कार्ड तिच्या हातावर ठेवलं, ते परत फ्रिजवर गेलं.

दुसऱ्या फेरीला मी निमित्त नेलं. रिकाम्या हाताने बहिणीच्या दारात जाणं कठीण, पण वस्तू परत करायला जाणं सोपं, असा विचार. तुमचं ते पितळी पातेलं, आपा, मोठ्या काठाचं, जे तुम्ही पनवेलहून ओव्याला परत जाताना आमच्याकडे राहिलं (की तुम्ही ठेवून गेलात, हे मला कधी समजलं नाही), ते काढलं, चिंचेने घासलं, आणि म्हटलं खारघरला उतरून जिलबीने भरून नेऊ. स्कूटरवर मावेना म्हणून बसने निघालो. पातेलं मांडीवर घेऊन बसलो तर समोरचं दिसेना, म्हणून दोन स्टॉप आधीच उतरलो. ऊन डोक्यावर. एका वीसमजली टॉवरच्या गेटपाशी सावली होती, तिथे पातेलं खाली ठेवून घाम पुसत उभा राहिलो. एवढंच केलं मी.

वॉचमन होता धर्मराज नावाचा, भला माणूस, त्याने पाणी दिलं. तेवढ्यात बाहेरून स्कूटीवर एक बाई आल्या, कीर्ती त्यांचं नाव. पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला जणू ईदचा चाँद दिसलाय. म्हणाल्या, काका, कल्हई करता ना? तीन वर्षं शोधतेय हो मी! आपा, मी नाहीच म्हणणार होतो. तोंडही उघडलं होतं. पण समोरच्याला नाही म्हणणं मला जमत नाही हे तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे. आयुष्यात ज्या एका माणसापुढे मी अडून बसलो ती तुम्ही, आणि ते मला किती वाईट जमलं ते बघताच आहात. तर मी हो म्हणालो. धर्मराजने वहीत माझं नाव लिहिलं आणि कामाच्या रकान्यात 'कल्हई' लिहिलं. कीर्तीबाईंनी घरून दोन पातेली आणली. त्यांच्या शेजारच्या निशाबाई वरून बघत होत्या, त्यांनी एक घंगाळ आणलं. घंगाळाला कल्हई लागत नाही, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, काका, बाकी कुणी एवढं खरं सांगत नाही, तुम्ही घेऊनच जा, नुसतं चमकवून द्या. मी खिशातली डायरी काढून पावत्या लिहिल्या. 'एक पितळी पातेलं, मध्यम, काठाला पोचा, झाकणाशिवाय.' खाली सही, मोबाइल नंबर. त्या म्हणाल्या, किती व्यवस्थित माणूस आहे! सव्वीस वर्षांत मला दोह्याला असं कुणी म्हणालं नव्हतं.

चार भांडी घेऊन मी ओव्याला येऊ शकत नव्हतो, हे तुम्हीही कबूल कराल. रिक्षा करून पनवेलला परत गेलो. मोहल्ल्यामागे एक म्हातारे कल्हईवाले अजून आहेत, त्यांनी हसून हसून भाता सोडला आणि मग काम केलं. तुमच्या पातेल्यालाही करून घेतली. पुढचे चार दिवस कीर्तीबाईंचे फोन येत होते, कल्हईवाले काका, झालं का? सायमा फोन उचलून म्हणायची, काका भात्यावर आहेत. अरीबा म्हणाली, अब्बा, दुसऱ्याच्या धंद्यात शिरून छातीठोक पावत्या देणं, याला म्हणतात बोल्ड ॲज ब्रास. म्हणजे जमतं तुम्हाला. फक्त चुकीच्या दारात जमतं.

तेव्हा तिसरी फेरी. या वेळी सायमाने तांदळाची संदण केली, तुमच्या मापाने, तुमच्या पद्धतीने, नारळाचा रस घालून. (कडक झालीय. तिला सांगू नका. ती सकाळी साडेपाचला उठली होती.) ती पातेल्यात भरली, वर फडकं बांधलं. खारघरला टॉवरवर बाकीची भांडी पोचवली, कीर्तीबाईंनी चहा पाजला, मी पावत्या परत घेतल्या आणि रिक्षाने तडक ओव्याला आलो. दुपारची नमाज होऊन गेलेली. गल्लीत कुणी नाही. तुमचं दार आतून लावलेलं. मी ओट्यावर चढलो, हे मात्र लिहून ठेवा, चढलो. हात वर केला. कडीला लागला नाही. परत वर केला. तुम्ही आत झोपल्या असाल, असं मनात आलं, मग जाग्या असाल असं आलं, आणि जाग्या असाल हे जास्त भीतीचं वाटलं. तिसऱ्यांदा हात वर केला तेव्हा शेजारच्या ओट्यावरून गोदूबाईंनी पाहिलं. तुमच्या गोदूबाई, मिठागराच्या पाटलांच्या. "नझीरभाय, येवा," म्हणाल्या. मी काही बोलायला लागलो तर म्हणाल्या, "पयलं जेवा. मंग बोलू." त्यांच्याकडे रीतच आहे ती, पाहुण्याच्या पोटात काही पडल्याशिवाय त्याला 'कशाला आलास' विचारत नाहीत. तांदळाची भाकरी, सुकट, कांदा. मी जेवलो. मान वर न करता जेवलो.

मग त्या बोलल्या. त्यांनी जे सांगितलं ते तुम्ही मला कधीच सांगितलं नसतं, म्हणून त्यांच्याच शब्दांत लिहितो. "तुमचे पोराच्या लग्नाच्या दिशी आपा सकालपासना नवी साडी नेसून ओट्यावर बसलेली. पिशवी भरलेली बाजूला. मी इचारलं, जात नाय का? त बोलली, येल कोनतरी न्यायला. दुपारची अजान झाली. मंगची बी झाली. तवा उठली, साडी बदलली, घडी केली नी कपाटात ठेवली. रडली नाय. मना बोलली, गोदू, भात टाकते, तू पन ये."

आपा, मी दोन वर्षं समजत होतो की तुम्ही रागावून आला नाहीत. तुम्ही तर निघायच्या तयारीत बसला होता. पिशवी भरून. मी दावत द्यायचीही गरज नव्हती, नुसतं न्यायला यायचं होतं, आणि मी पनवेलला दारावर कान ठेवून बसलो होतो, म्हणजे तुम्ही ओट्यावर आणि मी दाराआड, मधे पुरतं अर्ध्या तासाचं अंतर नाही. सायमाची अम्मी गेली तेव्हा मी दोह्याला होतो, मला यायला चार दिवस लागले. मी पोचलो तेव्हा हमझा नऊ वर्षांचा, सायमा पाच वर्षांची, दोघं आंघोळ करून, केस विंचरून, जेवून बसलेली, आणि तुम्ही फक्त म्हणालात, तू परत जा नोकरीवर, इकडचं मी बघते. तुम्हाला कुणी दावत दिली नव्हती. कुणी न्यायलाही आलं नव्हतं. तुम्ही स्वतः ओव्याचं घर बंद करून ट्रंक घेऊन आलात आणि अकरा वर्षं राहिलात. मी परत आलो त्या आठवड्यात किल्ली माझ्या हातात ठेवून निघून गेलात, आणि मी रिक्षापर्यंत सोडायला आलो आणि त्यातच मला वाटलं, फार केलं.

बरं. कामाचं लिहितो. पुढच्या महिन्याच्या एकवीस तारखेला, असरच्या नमाजेनंतर, चिरंजीव सायमाचा निकाह शहजाद यांच्याशी करण्याचं योजलं आहे. तुमची इजाजत असेल तर करतो. तुम्ही यावं, दुआ द्यावी, ही विनंती. तब्येत बरी नसेल, गुडघा दुखत असेल, किंवा मन होत नसेल, तर आम्ही समजून घेऊ. जबरदस्ती नाही. पातेलं आणि संदण पोचती करण्याची व्यवस्था केली आहे. मिळाल्यावर कळवावं.

चुकलं ते माझं. हमझाचं नाही, त्याला माफ केलं नसेल तर करून टाका, त्याला तिरक्या सेहऱ्याची शिक्षा झालीय.

तुमचा धाकटा भाऊ,
नझीर

ता. क. 'समजून घेऊ' असं वर लिहिलंय ते पत्राची रीत म्हणून. समजून घेणार नाही. सायमा कुलूप उघडणार नाही, अरीबा मला रोज नवं इंग्रजी शिकवेल आणि शहजादच्या घरी मी किती दिवस खोटं बोलू?

ता. क. २. हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. वर तिसरी फेरी म्हणून जी लिहिली ती आजचीच आहे, आणि ती संपलेली नाही. मी गोदूबाईंच्या ओट्यावर बसून त्यांच्या नातीच्या वहीच्या पानांवर हे लिहितोय. तोंडाने एक शब्द फुटत नव्हता, म्हणून त्यांनी पेन दिलं. लिहून झालं की त्या स्वतःच हे तुमच्या दाराखालून सरकवतील. आत तुमच्या चपलांचा आवाज येतोय. म्हणजे जाग्या आहात.

ता. क. ३. आपा, आता तू म्हणतो, लहानपणी म्हणायचो तसं. मी दावत द्यायला आलेलो नाही. कार्ड खिशातच आहे, ते तू पनवेलला पोचल्यावर सायमासमोर हातात देईन, तिला बघायचंय ते. मी तुला न्यायला आलोय. आज. एकवीस तारखेला नाही, आज, पिशवी भरून, शेळी गोदूबाईंकडे ठेवून, आचाऱ्याला रडवायला. नवी साडी घालायची तर घाल, नाहीतर आहेस तशी ये. तू त्या दिवशी असरपर्यंत बसलीस. मी मगरीबपर्यंत, दिवस मावळेपर्यंत बसेन, आणि उठणार नाही, शरम वाटली तरी उठणार नाही. गोदूबाई दर अर्ध्या तासाने भाकरी वाढतायत, नाही म्हणता येत नाही, आता चौथी येतेय. दार उघड.